चाल : तिसरी वेचणी

शुक्रवारी दिवस मावळायच्या आधी आम्ही दोघं ओट्यावर बसून तुरीच्या शेंगा सोलत होतो. मी आणि माझी बायको. ओल्या शेंगा, आतले दाणे हिरवेगार, तिला सोल्याची आमटी करायची होती. परात तिच्या पुढ्यात आणि टरफलांचा ढीग माझ्या पुढ्यात. तिच्या चार शेंगा व्हायच्या तेव्हा माझी एक व्हायची, आणि त्यातलेही निम्मे दाणे मी तोंडात टाकायचो.

मध्येच तिनं पदराला हात पुसले, कनवटीचा खडूचा तुकडा काढला आणि माझ्यापुढं धरला.

"आवो, माझं नाव लिवा."

"कुठं?"

"हितंच, ओट्यावर. मोठं लिवा, मला दिसंल असं."

आम्ही दोघांनी मिळून केलेलं साधंसुधं काम म्हणावं तर ते हे शेवटचं. तिला नाव कशाला लिहून पाहिजे होतं ते सांगायचं, तर फिडलपासून सांगावं लागेल, आणि मी केलेला एक हलकटपणाही सांगावा लागेल. मी चौथीपर्यंत शिकलेला माणूस. गोड करून लिहायला मला येत नाही. जसं झालं तसं लिहितो.

फिडल म्हणजे व्हायोलिनच, पण आमच्या गायन पार्टीत त्याला व्हायोलिन कुणी म्हणत नाही. माझ्या बापाचं होतं ते. मांडी घालून बसायचं, फिडलचं एक टोक घोट्याला टेकवायचं, दुसरं छातीला लावायचं आणि गज ओढायचा. नांदेड, लातूर, तिकडं किनवटपर्यंत आमची पार्टी गाऊन आली. जयंतीला, विहाराच्या उद्घाटनाला, कुणाच्या घरी पोरगं साहेब झालं म्हणून, आणि मयतीलाही.

पार्टीत एक रीत आहे. गाणं कवी लिहितो, तेव्हा शेवटच्या कडव्यात त्याचं नाव येतं. गायक गातो, तो तर समोर दिसतोच. राहिली चाल. वहीत गाण्याच्या वर पहिली ओळ असते, 'चाल :', आणि पुढं ती कोणाची ते. कार्यक्रमात गाण्याआधी माईकवाल्याकडं चिठ्ठी जाते, कवी कोण, चाल कोणाची, गायक कोण. तो ते वाचतो, मगच पेटी वाजते.

आमच्या वहीत पस्तीस-चाळीस गाण्यांवर 'चाल :' पुढं माझं नाव आहे. त्यातल्या दोन चाली माझ्या. बाकी झाडून सगळ्या बायकोच्या.

लग्नाला वर्ष झालं असेल तेव्हाची गोष्ट. कवीनं नवं गाणं आणून दिलं होतं आणि चाल काही सापडत नव्हती. दुसऱ्या पार्ट्या सरळ सिनेमाची चाल घ्यायच्या. आमचा गायक तेव्हा जवान आणि अकडू, तो म्हणायचा, उष्टं गाणार नाही. मी घरी बसून गज घासत होतो. बायको चुलीपुढं भाकरी थापत होती. थापता थापता ती तोंडातल्या तोंडात काहीतरी गुणगुणली, शब्द नाही काही नाही, नुसतं ना ना रे ना. माझी बोटं आपोआप तिच्या मागं गेली. ती तव्याकडं तोंड करूनच म्हणाली, "तिथं उतरू नका. थांबा. आता चढा." मी चढलो. अंगावर काटा आला माझ्या.

दुसऱ्या दिवशी तालमीत वाजवलं. गायकानं मला मिठीच मारली. "गड्या, कुठून काढलीस रं ही?" मी म्हणालो, "आली अशीच."

संपलं. दोन शब्द बोललो आणि चाळीस वर्षं त्यावर जगलो.

का सांगितलं नाही? पार्टीतले हसतील, बायकोच्या चालीवर वाजवतो म्हणतील, असं मी स्वतःला समजावलं. खरं कारण दुसरंच होतं. लोक पाठीवर थाप मारत होते, आणि पाठ माझी होती. तीही कधी काही बोलली नाही. कापूस वेचायला जायची, तिकडून येताना नवीन काहीतरी घेऊन यायची, मला म्हणायची, "गज काढा." ती गुणगुणणार, मी वाजवणार, ती चुकी काढणार. वाद्याला तिनं कधी बोट लावलं नाही, पण माझं बोट कुठं पडावं ते मात्र तिलाच ठाऊक.

आता परदेशातल्या बायकांचं सांगतो, कारण खरी मजा तिथून सुरू झाली.

आमची लेक किनवटकडं आश्रमशाळेत शिक्षिका आहे. दिवाळीच्या सुट्टीत रेल्वेनं घरी आली. एका दुपारी फोन घेऊन माझ्याशेजारी बसली, म्हणाली, "बाबा, तुमचं फिडल बघा कुठं कुठं वाजतं." फोनवर एक बाई. पांढरे केस, माझ्यापेक्षाही म्हातारी असेल. फिडल गळ्याखाली धरलेलं, आणि चक्क उभं राहून वाजवत होती! शेजारी दुसरी बाई, ती पेटीवर. आणि पाय? फिडलवाली पायानं जमीन ठोकत होती.

बायको तांदूळ निवडत होती, सूप ठेवून धावत आली. "बघू, बघू! पाय बघा तिचा! बाई पायानंच ढोलकी वाजवून राहिली!"

लेक म्हणाली, "आई, हे स्कॉटलंड. आणि ही चाल ह्या बाईनंच बांधलेली हाय."

"गाणं कवा सुरू व्हतंय?"

"गाणं न्हाईच. नुसती चाल. शब्द नसतात ह्याला."

बायकोनं माझ्याकडं पाहिलं, मी तिच्याकडं. शब्दाशिवाय चाल वाजवायची आणि लोकांनी खुर्च्यांवर गुपचूप बसून ऐकायची, हे आम्हाला पहिल्यांदाच कळत होतं.

प्रत्येक चालीच्या आधी ती म्हातारी काहीतरी बोलायची आणि लोक हसायचे. लेक मराठीत सांगायची. "ती म्हणते, ही चाल माझ्या शेजारणीची. तिनं म्हातारपणी दुकान बंद केलं, त्या दिवशी बांधली." पुढची चाल. "ही म्हणे लेकीच्या लग्नाला जाताना बोट हुकली तवाची." बायको खो खो हसली. "बोट हुकल्याची चाल! मग आमच्या हिमायतनगरच्या गाडीच्या तर शंभर व्हतील!"

लेकीला इंग्रजी येतं. तिनं आणखी वाचून दाखवलं. तिकडं शेकडो वर्षं बायका फिडलच्या चाली बांधत आल्या. चालीला नाव असतं, आणि खाली बांधणारीचं नाव असतं. पण फार जुन्या पुस्तकांत काही चालींखाली नाव नाही, नुसतंच छापलंय, 'एक बाई'.

बायको सूप पुढं ओढत म्हणाली, "एक बाई तरी छापलं."

लेक फोनात बघत होती, तिच्या लक्षात आलं नाही. माझ्या आलं. मी उठून पानाला चुना शोधायला लागलो.

त्या दिवसापासून तिच्या अंगात वारं भरलं बघा. एवढ्या वयाची बाई, गुडघे धरलेले, पण सकाळी उठली की पहिलं तेच. लेकीनं माझ्या फोनात घालून दिलेली ती म्हातारी पुन्हा लावा, पाय बघू द्या, गज बघू द्या. ऐकता ऐकता तिनंच शोधून काढलं की त्या चालीला दोन भाग असतात, एक खाली फिरतो, दुसरा वर चढतो, आणि दोन्ही दोनदा वाजवतात. आणखी एक शोधलं, ते माझ्याही कानाला कळलं नव्हतं. "ती आधी तोडती, मग लांबवती. झट्‌-आऽऽ, झट्‌-आऽऽ. आपण उलटं करतो."

"कशाला पण?"

"मला काय माहीत कशाला. पण आमचा हात असाच चालतो कापसात. बोंडातून झटकन ओढायचा, मग सावकाश वटीत टाकायचा. त्या बायाबी कापूस वेचत असतील."

लेक फोनवरून म्हणाली, तिकडं कापूस होत नाही, थंडी फार. बायकोला ते पटलं नाही. "मग दुसरं काहीतरी वेचत असतील. हाताबिगर अशी चाल येत न्हाई."

मग तिनं आपल्या चालींना नावं ठेवायचा सपाटा लावला. चाळीस वर्षांच्या चाली, एक एक काढायची आणि नाव द्यायची. जयंतीच्या मिरवणुकीचं आमचं गाजलेलं गाणं आहे, त्याची चाल म्हणे 'बिनसाखरेचा चहा'. मी म्हटलं, अगं लोक त्यावर नाचतात! ती म्हणाली, "नाचू द्या. माझ्या घरात साखर नव्हती त्या दिवशी, आन तुमच्या पार्टीचे सात जण चहाला बसले व्हते. त्याच रागात बांधली, म्हणून उड्या मारती." दुसरीचं नाव 'कंधारच्या एसटीत नणंद भेटली'. एकीचं 'लेकीचा हुकूम आला'. ती वाजवताना माझे डोळे ओले व्हायचे, पण का ते मला आजवर माहीत नव्हतं. नोकरीचा कागद आला त्या दिवशी मी घरभर ओरडत होतो, आणि ती मोरीत भांडी घासत ही चाल बांधत होती.

मी फिडल घेऊन बसायचो आणि ती नाव सांगायची. हसून हसून दोघांच्या पोटात दुखायचं. शेजारीण कुंपणावरून म्हणाली, "म्हातारा-म्हातारीला काय याड लागलं का काय!" बायको म्हणाली, "हाव, लागलंय. ये, तुझ्याबी नावाची एक बांधते, भांडणाची."

अशातच नवी चाल झाली. पहिल्यांदाच शब्दाशिवायची, फक्त फिडलसाठी. नाव तिनं आधीच ठरवलं होतं, 'तिसरी वेचणी'. कपाशीची पहिली वेचणी भरगच्च असते, दुसरी बरी. तिसरीला पऱ्हाटी वाळलेली, बोंडं किडकी, कापूस चिमूटभर. मालक बांधावर फिरकत नाही. त्यामुळं बाया मोकळ्या असतात, लांब लांब विखुरतात, आणि एकमेकींना ऐकू जावं म्हणून मोठ्यानं गातात. तसलीच ती चाल. पहिला भाग खालच्या खाली, चिमूट चिमूट. दुसरा एकदम वर, एका बाईनं दुसरीला वावराच्या त्या टोकाला हाक मारावी तसा.

तालमीत वाजवली. आमचा गायक आता म्हातारा, अर्धे दात गेलेले, तो पेटी मिटून ऐकत बसला. "लई भारी हाय गड्या. पण शब्द कुठंयत?"

"शब्द न्हाईत."

"मग मी काय करू? सुपारी कातरत बसू?"

"बस की. तेवढाच लोकांना आराम."

ढोलकीवाला हसून आडवा झाला. गायकानं मला शिवी घातली आणि म्हणाला, "लातूरच्या मेळाव्यात घेऊ ही. सगळ्या पार्ट्या येणार हायेत. फाडून टाकू."

लातूरच्या आदल्या दिवशी बायको माझ्यापुढं येऊन बसली. हातात वहीचा फाडलेला कागद. चाळीस वर्षांत तिनं माझ्याकडं कधी काही मागितलं नव्हतं, लुगडंही नाही. म्हणाली, "चिठ्ठी लिवा. चालीचं नाव लिवा, तिसरी वेचणी. आन चाल कोणाची, तिथं माझं नाव लिवा. एकदाच. मला ते माईकमधून ऐकायचंय."

"लिहितो की."

"आन चिठ्ठी मी देणार. तुमी इसराल."

मी पेन घेतलं. कवी, तिथं रेघ मारली. चाल : तिसरी वेचणी. पुढं नाव. मी माझं नाव लिहिलं.

हाताला सवय होती, असं म्हणता आलं असतं. इतकी वर्षं तेच लिहीत आलेला हात. पण ते खोटं आहे. लिहिताना मला पक्कं माहीत होतं मी काय लिहितोय. लातूरला सगळ्या पार्ट्या येणार, त्यांत माझ्याशिवाय दुसरा फिडलवाला राहिलेला नाही, आणि माझ्या उभ्या जन्मात वाजवली नाही इतकी चांगली चाल. ती माझी नाही, हे तिथं ऐकून घ्यायचं माझ्या जिवावर आलं. आणि तिला वाचता येत नव्हतं. कागदावर ती आयुष्यभर अंगठा लावत आली. मी घडी करून चिठ्ठी तिच्या हातात दिली. तिनं ती चंचीत ठेवली आणि चंचीची दोरी दोनदा गुंडाळली.

लोहा, अहमदपूर करत एसटीनं लातूरला गेलो. पांढरं पातळ नेसली होती, घडीचं. खिडकीशी बसून सगळा रस्ता तोंडातल्या तोंडात दुसरा भाग गुणगुणत होती आणि मांडीवर बोटानं मला वेग दाखवत होती. "असा घ्या. रेंगाळू नका. हाक मारताना माणूस रेंगाळत न्हाई."

हॉल खचाखच भरला होता. बायका एका बाजूला. आमचा नंबर आला तसं मी स्टेजवर बसून तारा जुळवायला लागलो, आणि वरून पाहिलं तर ती स्वतः चालत माईकवाल्याकडं गेली, चंची सोडली, चिठ्ठी दिली आणि परत जाऊन पहिल्या रांगेत बसली. मान एवढी वर. तिला मी लग्नातही तशी बसलेली पाहिली नाही.

माईकवाल्यानं वाचलं. "आता एक नवीन प्रकार! शब्द नसलेली चाल! तिसरी वेचणी! आणि चाल आहे..." माझं नाव.

टाळ्या पडल्या. त्या टाळ्यांत ती उभी राहिली.

"ओ माईकवाले! नीट वाचा! दुसरं नाव हाय तिथं!"

लोकांना वाटलं म्हातारी नवऱ्याची चेष्टा करतेय. सगळे हसले. माईकवाल्यानं चिठ्ठी फडकवली. "आजी, जे लिवलंय तेच वाचलं!"

"चष्मा लावा मग!"

आणखी हशा. ती माझ्याकडं बघत होती. मी बोललो असतो तर अर्ध्या मिनिटाचं काम होतं. मी गज उचलला आणि सुरू केलं.

आणि वाजली हो ती चाल! काय वाजली! पहिल्या भागाला हॉल गप्प. दुसरा भाग चढला तशी मागच्या बायकांतून एक हाक आली, खरीखुरी, वावरातली, "आगं येऽऽ!" तिकडून दुसरीनं उत्तर दिलं. त्या बायांनी तिसरी वेचणी ओळखली होती. न सांगता! ढोलकीवाल्याच्या अंगात आलं. संपली तर लोक म्हणाले पुन्हा, पुन्हा वाजवली तर म्हणाले आणखी एकदा. उदगीरकडच्या एका म्हाताऱ्या पेटीवाल्यानं स्टेजवर येऊन माझ्या गळ्यात हार घातला. मी खाली पाहिलं. बायको टाळ्या वाजवत होती, डोळ्यांतून पाणी, तोंड हसरं. राग तिचा सगळा त्या माईकवाल्यावर.

येताना गाडीत तिचं तोंड थांबेना. "आइकलं का तुमी, ती बाई ओरडली ते? कुठली आसंल? तिनं वेचलाय कापूस, शंभर टक्के. आन त्या मुडद्याला अक्षर ओळखू येत न्हाई आन माईक धरून उभा! हार बघा, माझ्या चालीचा हार, आन घातला कुणाच्या गळ्यात." असं म्हणून तिनं हार माझ्या गळ्यातून काढला, स्वतःच्या गळ्यात घातला आणि अहमदपूरपर्यंत तशीच झोपली. मी जागा होतो.

पुढच्या रविवारी इथं आमच्या नांदेडातच विहारात कार्यक्रम होता. तिनं ठरवलं, ह्या वेळी चिठ्ठी मीच लिहिणार. लेकीला फोन करून सांगितलं, मला नाव लिहायला शिकव. लेक म्हणाली, रविवारी येते, तोवर बाबांकडून शिक. आधीच्या सुट्टीतला तिचा खडूचा तुकडा घरात होताच.

म्हणून त्या शुक्रवारी ओट्यावर तो खडू माझ्यापुढं आला.

मी टरफलं बाजूला सारली आणि लिहिलं. मोठ्या अक्षरात. तिचं नाव दोन अक्षरांचं. माझं नाव, बापाचं नाव, आडनाव, असं सगळं मिळून मी नेहमी लांबलचक लिहितो, ओळ भरून.

ती वाकून बघत राहिली. "येवढंच?"

"येवढंच."

"लातूरच्या चिठ्ठीवर लई लांब व्हतं."

शेंग घेतली हातात, पण ती सोलली जाईना. ती त्या दोन अक्षरांकडं बघत होती, मग माझ्याकडं, मग परत अक्षरांकडं. गल्लीतून एक सायकल गेली.

"आस्सं," ती म्हणाली.

आता आभाळ कोसळणार, असं मला वाटलं. कोसळलं असतं तर बरं झालं असतं. तिनं मी खाली ठेवलेला खडू उचलला आणि माझ्या अक्षरांवरून गिरवायला लागली. एकदा, दोनदा, पाच-सहा वेळा. मग त्यांच्या खाली स्वतःच्या हातानं काढलं. वाकडं, एक अक्षर मोठं, एक बारकं, वरची रेघ सटकलेली. पण वाचता येत होतं. तिनं हात झटकला.

"दुसरा भाग तुमी लातूरला लई हळू घेतला. मी गाडीत सांगितलं व्हतं. भ्यालात काय?"

"हाव," मी म्हणालो. "भ्यालो."

"रविवारी जोरात घ्या." परात पुढं ओढली. "आन शेंगा सोला. हात थांबला तुमचा."

एवढंच बोलणं झालं. आमटी झकास झाली होती. मी दोन भाकरी खाल्ल्या. ती म्हणाली, मीठ कमी पडलं. पडलं नव्हतं.

शनिवारी सकाळी चहा ठेवायला ती उठली नाही. मी दोनदा हाक मारली. तिसऱ्यांदा हात लावून पाहिला.

त्यातलं जास्त मी लिहीत नाही. काय केलं ते लिहितो.

लेकीला फोन केला. ती मिळेल त्या गाडीनं निघाली. वस्ती जमा झाली. बायका बादली घेऊन ओटा धुवायला आल्या, माणसं बसायची म्हणून. मी ओरडलो. "पाणी टाकू नका! तिकडं बसवा माणसं, अंगणात." शेजारीण खाली बघून म्हणाली, "बाबा, खडूचं तर हाय, काय तरी पोरांनी काढलेलं." मी म्हणालो, "पोरांनी न्हाई." टरफलांची टोपली आणून त्या जागेवर पालथी घातली.

पार्टी आली. मयतीच्या घरी अंत्ययात्रा निघेपर्यंत पार्टीनं गायचं, ही आमच्याकडची रीत. गायकानं पेटी उघडली, वही काढली. माझ्याजवळ बसून हळूच म्हणाला, "गड्या, तुझीच एखादी चाल घेतो. वहिनीला आवडायची ती."

"वही दे. पेन दे."

पहिलं पान काढलं. 'चाल :' पुढं माझं लांबलचक नाव. त्याच्यावर काट मारली आणि वर दोन अक्षरं लिहिली. पान उलटलं. काट मारली, लिहिलं. पुढचं पान. माणसं बघत होती, पेटी तशीच उघडी होती. गायक चष्मा चढवून माझ्या खांद्यावरून वाचायला लागला. चार-पाच पानं वाचून म्हणाला, "सगळ्याच?"

"सगळ्या न्हाई. दोन माझ्या हायेत. त्या माझ्याच राहू दे. लई भिकार हायेत."

तो हसला, आणि हसता हसताच त्यानं तोंड उपरण्यात घातलं.

शेवटी कोरं पान काढलं. वर लिहिलं, चाल : तिसरी वेचणी. पुढं तिचं नाव. वही त्याच्याकडं दिली. त्यानं नाक पुसलं, माईक नव्हता तरी माईकवर वाचावं तसं उभं राहून वाचलं, चालीचं नाव आणि मग तिचं नाव, अंगणाच्या त्या टोकापर्यंत जाईल असं. मग खालच्या कोऱ्या पानाकडं बघून त्यानं विचारलं, "खाली काय लिहू?"

"काही नको. शब्द न्हाईतच तिला."

मी टोपली उचलली, ओट्यावर त्या अक्षरांशेजारी मांडी घातली आणि फिडल छातीला लावलं. गजाला राळ लावलेली नव्हती, लावत बसलो नाही. पहिला भाग दोनदा वाजवला. मग दुसरा घेतला, आणि जोरात घेतला, तिनं गाडीत बोटानं दाखवला होता त्या वेगानं. ढोलकीवाला मागं पडला. मी थांबलो नाही.